ऑटिझम असलेलं मूल वाढवताना आईबाबांनी टिकून कसं राहायचं: आधी घरात दुसरा माणूस तयार करा

डायग्नोसिस झालं की सगळे सांगायला लागतात, आता तुम्ही खंबीर राहा, स्वतःकडे लक्ष द्या, योगा करा, मेडिटेशन करा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तुम्ही डोळे मिटून वीस मिनिटं बसलात तर तेवढा वेळ मुलाकडे कोण बघणार हे कोणीच सांगत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. माझा मुलगा आता टीनएजमध्ये आहे, इतकी वर्षं थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून ज्या ज्या आयांशी बोलले त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. ज्या घरात मुलाला दोन तास नीट सांभाळू शकणारा आणखी एक माणूस आहे तिथली आई थकते, चिडते, रडते पण टिकते, आणि जिथे असा माणूस नाही तिथे कितीही हुशार, कितीही प्रेमळ आई असू दे, काही वर्षांत ती आजारी पडते. म्हणून इथे मी प्राणायामापासून सुरुवात करणार नाहीये. त्या दुसऱ्या माणसापासून करणारे, बाकीचं त्याच्याभोवती येईल.

आधी हे कळू दे की हा थकवा खरा आहे

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलांच्या आयांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित हॉर्मोन, दिवसभरात तपासलं होतं, तेव्हा त्याचा पॅटर्न दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या लोकांसारखा, अगदी लढाईवरून आलेल्या सैनिकांसारखा दिसला. म्हणजे हे "तू फार विचार करतेस" असलं प्रकरण नाहीये, शरीर खरंच झिजत असतं. त्यामुळे पहिलं काम एकदम साधं, या महिन्यात स्वतःची रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी१२, व्हिटॅमिन डी, आणि बीपी मोजून घ्या. मुलाच्या फाईलमध्ये शंभर रिपोर्ट असतात आणि आईचा एकही नसतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय. नुसता थायरॉइड बिघडलेला असतो आणि बाई वर्षभर समजत असते की आपलंच मन कमकुवत आहे.

मग एक आठवडा कॅलेंडरवर रोज फक्त एवढंच लिहा की आज सगळ्यात जास्त कधी फुटायला झालं. बहुतेकांचं ठरलेलं असतं, सकाळी स्कूल व्हॅन यायच्या आधीचा अर्धा तास, नाहीतर संध्याकाळी सहा ते आठ, कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, होमवर्क सगळं एकावेळी, नाहीतर रात्री झोपवताना. दिवसभराचा ताण कुणालाच कमी करता येत नाही पण सहा ते आठचा येतो, आणि तो दुसरा माणूस तुम्हाला नेमका त्याच वेळेला हवा असतो.

दुसरा माणूस कोण आणि त्याला तयार कसं करायचं

बाबा घरात असतील तर पहिला नंबर त्यांचाच. मग आजी-आजोबा, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सोसायटीतली कॉलेजला जाणारी एखादी समजूतदार मुलगी, पगारी ताई, आणि हे कुणीच नसेल तर तुमच्यासारखीच दुसरी आई, याबद्दल पुढे सांगते.

बहुतेक जणी म्हणतात, आम्ही करून बघितलं, आजीला जमलंच नाही, अर्ध्या तासात फोन आला की लवकर ये. जमणार नाहीच कारण आजीला कुणी शिकवलेलंच नसतं, आपण एकदम दार ओढून बाहेर पडतो आणि मुलगा दाराशी किंचाळत बसतो. मुलाला जसं आपण एकेक पायरी करत ब्रश करायला शिकवतो तसंच इथेही करायचं. आधी काही दिवस तुम्ही आणि आजी दोघी मिळून मुलासोबत बसा, एकच ठरलेलं काम, समजा संध्याकाळचं खाणं आणि नंतर झोपाळा, आणि हळूहळू हात आजीचे चालू दे, तुम्ही नुसत्या शेजारी. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग खाली बिल्डिंगच्या गेटपर्यंत. मग किराणा आणण्यापुरतं. प्रत्येक पायरी इतक्या वेळा करा की मुलाला आणि आजीला दोघांनाही तिचा कंटाळा यायला लागेल, तेव्हाच पुढची घ्या. घाई केली की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दोन तासांपर्यंत पोचायला काही घरांत महिना लागतो, काही घरांत सहा महिने, लागू देत.

मुलाला न सांगता सटकायचं नाही, कधीच नाही. चित्रांचं वेळापत्रक वापरत असाल तर त्यात तीन चित्रं लावा, आई बाहेर, मी आणि आजी, आई घरी. बोलणारं मूल असेल तरी चित्र दाखवा, ताणात असताना ऐकलेलं डोक्यात शिरत नाही, बघितलेलं शिरतं. आणि सांगितलेल्या वेळेला परत या, ट्रॅफिक असला तरी फोन करून आवाज ऐकवा. मुलाचा विश्वास एकदा बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

एक कागद लिहून फ्रिजवर लावा. एकच पान, मोठ्या अक्षरात, मराठीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. त्यात काय लिहायचं तर तो पाणी कसं मागतो (हात धरून नेतो का, ग्लास वाजवतो का), शूशूला जायचं असेल तर काय करतो, कुठला आवाज त्याला सहन होत नाही, हात हलवणं किंवा गोल फिरणं चालू असेल तर थांबवायचं नाही कारण त्याने त्याला बरं वाटतं, रडायला लागला तर काय करायचं, म्हणजे लाईट कमी करा, बोलू नका, त्याची ठरलेली चादर द्या, आणि काय अजिबात करायचं नाही, म्हणजे हात घट्ट धरून ओढायचं नाही, ओरडायचं नाही, चार जणांनी घोळका करायचा नाही. खाली सेफ्टीचं: मेन दाराची वरची कडी कायम लावलेली, गॅसचा नॉब सिलिंडरपाशी बंद, बाथरूममधली पाण्याची बादली रिकामी, बाल्कनीचं दार बंद. आपली बरीचशी मुलं दार उघडं दिसलं की चालू पडतात आणि पाण्याचं प्रचंड आकर्षण असतं, म्हणून हा भाग लाल पेनाने लिहा. गळ्यात किंवा मनगटात फोन नंबर असलेली पट्टी घालायची सवय लहानपणीच लावा, आणि सोसायटीच्या वॉचमनला मुलाचा चेहरा दाखवून ठेवा.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. दुसरा माणूस तुमच्यासारखं करणार नाही. आजी दोन बिस्किटं जास्त देईल, टीव्ही जास्त वेळ लावेल, थेरपिस्टने सांगितलेलं वाक्य वेगळंच बोलेल. सेफ्टीचं सोडून बाकीचं चालू द्या. रोज टोकलं तर आजी म्हणेल मला नाही बाई जमत, आणि तिचं काही चुकणार नाही. दोन जास्तीच्या बिस्किटांनी मुलाचं नुकसान होत नाही, आईला वर्षानुवर्षं एक तासही मोकळा मिळाला नाही तर होतं.

ते दोन तास मिळाले की त्यात राहिलेलं कपाट आवरायचं नाही. पहिले काही आठवडे तर फक्त झोपा. मग चालायला जा, मैत्रिणीकडे जा, जुन्या नोकरीतल्या कुणाला फोन करा, देवळात जाऊन बसा, तुम्हाला जे आवडायचं ते. आणि ही वेळ थेरपीच्या टाईमटेबलमध्ये स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली शिकवणारी) यांच्या रांगेत लिहा, "आई, गुरुवार, पाच ते सात", म्हणजे कुणी पाहुणे आले म्हणून ती रद्द होणार नाही.

बाबांसाठी थोडं वेगळं

आपल्याकडे बाबा गाडी चालवतात, फी भरतात आणि बाकीचं "ती बघते". बाबांनी मदत करू नये, बाबांनी एखादं काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यावं. उदाहरणार्थ शनिवारची ओटी, म्हणजे आदल्या रात्री बॅग भरण्यापासून थेरपिस्टशी बोलून घरी काय करायचं ते लिहून आणण्यापर्यंत सगळं, आईने विचारायचं पण नाही. किंवा रोजची रात्रीची आंघोळ. अर्धं काम वाटून घेतलं तर दुसऱ्या अर्ध्याची आठवण ठेवायचं काम आईकडेच राहतं आणि डोकं काही रिकामं होत नाही.

आणि बाबांचा ताणही खरा असतो हे मी मनापासून सांगते. ईएमआय, थेरपीची फी, ऑफिसमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, घरी रडता येत नाही. बरेच जण उशिरापर्यंत ऑफिसमध्ये थांबायला लागतात, ते टाळणं असतं. पेरेंट ग्रुपच्या मीटिंगला बाबांना घेऊन जा, तिथे दुसरा बाबा भेटला की आपोआप बोलतात. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम ही पालकांचीच संस्था आहे, उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, छत्रपती संभाजीनगरला आरंभ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचारांच्या सरकारी केंद्रात चौकशी करा, तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते आणि बाहेरच्या बाकावर तुमच्यासारखेच पालक बसलेले असतात, त्यांचे नंबर घ्या.

नवरा परदेशात आहे, किंवा एकट्या आहात, किंवा सासरचे बोलतच नाहीत, तर मघाशी म्हटलं ती दुसरी आई. दोघींची मुलं साधारण एकमेकांना चालत असतील तर एका रविवारी दोन्ही मुलं तुमच्याकडे, पुढच्या रविवारी तिच्याकडे. सुरुवात वरच्यासारखीच, आधी दोघी मिळून. तिला काहीच समजावून सांगावं लागत नाही, हे फार मोठं सुख आहे.

लोक जे बोलतात त्याचं काय करायचं

ग्रहणात बाहेर गेली असशील, मोबाईल दिलास म्हणून झालं, नोकरी करत राहिलीस, याचा काका पण उशिरा बोलला होता. हे आयुष्यभर ऐकायला मिळतं. एकेकाळी डॉक्टरसुद्धा असं म्हणायचे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आईच्या थंड वागण्याने असं होतं ही समजूत चालू राहिली, १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी ती पुराव्यानिशी खोडून काढली, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. लसीमुळे होतं हेही तसंच, लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांचा १९९८ चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तुमच्या हातून काही झालेलं नाही.

पण हे सगळं प्रत्येक लग्नात प्रत्येक काकूंना समजावत बसू नका, त्यातच जीव जातो. एक वाक्य ठरवा आणि प्रत्येकाला तेच सांगा: "त्याच्या मेंदूची वाढ जन्मापासूनच वेगळी आहे, डॉक्टर बघतायत, तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखं बोला." पुढे काही बोललं तर विषय बदला. आणि नवऱ्याच्या नातेवाईकांना हे वाक्य नवऱ्याने सांगायचं, सुनेने सांगितलं की तो वाद होतो.

थेरपी किती आणि घरी किती

हे लिहिताना काही जणांना राग येईल पण तरी लिहिते. आई दिवसभर थेरपिस्ट होऊ शकत नाही. स्पीचवाल्या वेगळा होम प्रोग्राम देतात, ओटीवाले वेगळा, स्पेशल एज्युकेटर वेगळा, प्रत्येकाचा "फक्त अर्धा तास". पुढच्या भेटीत सरळ विचारा, या तीन महिन्यांत घरी करायच्या फक्त दोन गोष्टी सांगा. चांगला थेरपिस्ट दोनच सांगेल. आणि त्या वेगळ्या टेबलावर बसून करू नका, चालू कामात घाला. ताटं मांडताना मोजणं, पोळ्यांचं पीठ तिंबताना हाताचा जोर, कपडे दोरीवर घालताना चिमटे लावणं, आंघोळीत "अजून" आणि "बस" म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक ट्रेनिंग प्रोग्राम आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, नऊ ग्रुप सेशन आणि तीन होम व्हिजिट, त्यातही खेळ आणि रोजच्या कामांमधूनच शिकवायला सांगितलंय आणि पालकांच्या स्वतःच्या ताणाचा भागही त्यात आहे.

पैशाचा ताण सगळ्यात जास्त कुठून येतो तर "बरं करून देतो" म्हणणाऱ्यांकडून. स्टेम सेल, किलेशन (म्हणजे शरीरातले धातू बाहेर काढायची औषधं), कसल्या कसल्या डिटॉक्सच्या गोळ्या. लोक दागिने मोडतात त्यासाठी. ऑटिझमसाठी स्टेम सेलचा उपचार करू नये असं डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. किलेशन तर धोकादायक आहे. कुठलाही नवा उपचार सुरू करायच्या आधी लिहून मागा, यातून काय बदलेल, कधीपर्यंत, आणि नाही बदललं तर काय. लिहून देत नसतील तर तिथून निघा.

झोप

यावर खरं तर सगळं अवलंबून आहे. आपल्या मुलांपैकी खूप जणांना झोपेचा त्रास असतो, रात्री दोनला उठून उड्या मारणं, हसणं, लाईट लावणं. घरात दोन मोठी माणसं असतील तर रात्री वाटून घ्या, तुमची रात्र असेल तेव्हा तुम्ही, नसेल तेव्हा दुसऱ्या खोलीत कानात कापूस घालून झोपा, दार लावून, कितीही आवाज आला तरी उठायचं नाही. दोघंही रोज अर्धवट जागे असाल तर दोघंही संपता.

मूल अचानक जास्त उठायला लागलं तर आधी पोट बघा, बद्धकोष्ठता आहे का, अॅसिडिटी, दात, कान. न बोलणाऱ्या मुलाला दुखतंय हे सांगता येत नाही, मग आपल्याला तो हट्ट वाटतो. झोपेचं औषध, मेलाटोनिनसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि सर्दीचं सिरप झोपेसाठी तर कधीच देऊ नका.

बाहेर मेल्टडाऊन झाला तर

प्लॅटफॉर्मवर, मॉलमध्ये, लग्नात. मेल्टडाऊन म्हणजे मुलाचा ताबा सुटून रडणं, किंचाळणं, ते मूल मुद्दाम करत नसतं, त्याच्या सहनशक्तीच्या बाहेर गेलेलं असतं. त्या वेळी समजावणं, दम देणं, आमिष दाखवणं काही पोचत नाही. जागा बदला, भिंतीकडे किंवा जिन्यात जा, बोलणं बंद, तुमचा श्वास हळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, त्याने तुमचे हात थरथरायचे थांबतात. लोक बघतील. एखाद्या बाई येऊन म्हणतील दोन ठेवून द्या, बरोबर सरळ होईल. त्यांना उत्तर द्यायचं नाही, तुमचं सगळं लक्ष मुलावर. सोबत जो असेल त्याने लोकांना बाजूला करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

सणांचं आधीच ठरवा. गणपतीत ढोल-ताशाच्या मिरवणुकीला नेऊ नका, सकाळी लवकर, गर्दी नसताना मंडळात नेऊन आणा. दिवाळीत कानाला लावायचे इअरमफ आधी महिनाभर घरी घालून सवय करा. लग्नाला फक्त जेवणाच्या पहिल्या पंगतीला जा आणि निघा. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी बसून कुठल्या कार्यांना एकटं जायचं, कुठे सगळ्यांनी, कुठे कोणीच नाही हे लिहा, म्हणजे प्रत्येक पत्रिकेला भांडण होत नाही. आणि दुसरं भावंडं असेल तर त्याच्या गॅदरिंगला एक पालक पूर्ण वेळ, फोन बंद करून, हे मात्र चुकवू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास वाटतंय, मूल झोपलं तरी तुम्हाला झोप येत नाही, जेवणाची इच्छा नाही, मुलावर हात उचलला जातोय, काहीच करावंसं वाटत नाहीये, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषध घ्यावं लागलं तर घ्या, बीपीची गोळी घेतो तशी. टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

आणि "आम्ही दोघंच संपलो तर सगळ्यांची सुटका होईल" हा विचार डोक्यात आला असेल, तर तो अशा किती आयांच्या डोक्यात येऊन गेलाय मला माहितीये, त्याची लाज वाटू देऊ नका पण एकट्या राहू नका. लगेच त्या नंबरवर फोन करा, आत्ताच धोका वाटत असेल तर ११२, आणि घरातल्या कुणालातरी त्याच क्षणी सांगा की मुलाला तुझ्याकडे घे. हात उठतोय असं वाटलं तर मूल सुरक्षित जागी आहे बघून दुसऱ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा, दुसऱ्या माणसाला बोलवा.

कागदपत्रं, आणि रात्री तीनचा प्रश्न

कागदं झाली की ताण खरोखर कमी होतो, पण सगळी एकदम काढायला जाऊ नका, एका वेळी एकच, आणि हे काम शक्यतो आईकडे नको. आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्टपणे आहे. मग नॅशनल ट्रस्टची, म्हणजे ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेची, निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो, दर वर्षी रिन्यू करायला विसरू नका. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी ७५ हजारांची वजावट, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. केंद्र सरकारी नोकरीतल्या आयांना आणि एकट्या वडिलांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही, राज्य सरकारी नोकरीत असाल तर आस्थापना शाखेत विशेष रजेचं विचारा.

आणि तो रात्रीचा प्रश्न, आमच्यानंतर काय. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाहीये, पण त्याचे तुकडे करता येतात. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आपण आपोआप पालक राहत नाही, नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. मृत्युपत्र आत्ताच करा, मूल पाच वर्षांचं असलं तरी, आणि त्यात मुलाच्या नावावर थेट घर-पैसे ठेवायचे की ट्रस्टमधून द्यायचे हे वकिलाला विचारा. फ्रिजवरचा तो एक पानाचा कागद दर सहा महिन्यांनी नवा लिहा आणि जुने टाकून न देता एका फाईलमध्ये तारखेसकट लावत जा, त्याच फाईलमध्ये यूडीआयडीची कॉपी, औषधांची नावं, डॉक्टरांचे नंबर, बँकेचे नॉमिनी. ती फाईल कुठल्या कपाटात आहे हे बाबांना आणि त्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा.